काही त्रास नसताना कोलेस्टेरॉल तपासायचं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो: हो, तपासायचं. पण दरवर्षी नाही. विशीत एकदा, पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान पुन्हा, आणि आकडे ठीक असतील तर पुढे चार-पाच वर्षांनी एकदा. बीपी, शुगर, सिगरेट किंवा घरात कमी वयात हार्ट अटॅक आलेला कुणी, यातलं काहीही असेल तर मात्र हे वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. ते तुमच्या डॉक्टरांनी वेगळं आखायला हवं.

विचारणाऱ्याचा सूर बहुतेक ठरलेला असतो. "मला काहीच होत नाही, पोट सुटलेलं नाही, रोज टेकडी चढतो, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मग सुई कशाला टोचून घ्यायची?" अंड्याचा मुद्दा आधी बाजूला करू. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं, ताटातून येतं ते त्या मानानं थोडं. एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, जास्त वाढवते ती संपृक्त चरबी, म्हणजे साजूक तूप, लोणी, खोबरेल, फरसाणातलं पामतेल. शाकाहारी घरात यातलं काही कमी नसतं. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेलं असतं तेही खरंच असतं, फक्त शेंगदाण्याचं काय न् करडईचं काय, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं.

आता 'मला काही होत नाही' याबद्दल. मान जड होणं, हाताला मुंग्या येणं, 'रक्त घट्ट झाल्यासारखं वाटणं' यांचा कोलेस्टेरॉलशी संबंध नाही. ते वाढल्याचं अंगाला कळत नाही, आणि खरं तर डोळ्यांनाही दिसत नाही. लॅबमध्ये रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर सीरम उरतं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) हजाराच्या घरात असतील तर हे सीरम दुधासारखं पांढरं दिसतं, टेक्निशियन मशीनला लावायच्या आधीच ओळखतो. पण एलडीएल २५० (इथले सगळे आकडे रक्ताच्या एका डेसिलिटरमागे मिलिग्रॅम असे) असलेल्या माणसाचं सीरम अगदी नितळ असतं. एलडीएलचे कण इतके बारीक असतात की त्यांनी ते गढूळ होत नाही. शेजारी निरोगी माणसाची नळी ठेवली तर फरक सांगता येणार नाही.

विशीतली तपासणी मुख्यतः अशाच माणसाला शोधण्यासाठी असते. सुमारे २५० ते ३०० माणसांत एकाला जन्मापासूनच एलडीएल जास्त असण्याचा आनुवंशिक दोष असतो. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे जे रिसेप्टर असतात, ते यांच्यात अपुरे किंवा निकामी असतात. (या रिसेप्टरच्या शोधासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.) असा माणूस सडपातळ असतो, धावतो, मितआहारी असतो, आणि तरी त्याचं एलडीएल १९० च्या वर असतं. काहींच्या टाचेवरचा जाड स्नायुबंध सुजल्यासारखा दिसतो, काहींच्या पापण्यांवर पिवळट चट्टे येतात. पुष्कळांना काहीच नसतं. आई किंवा वडिलांना हा दोष असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. म्हणून असा एक सापडला की भावंडं आणि मुलं सगळ्यांची तपासणी करायची, मुलांची शाळकरी वयातच. व्यायामावर विसंबून पंचेचाळिशीपर्यंत थांबलं तर तोवर धमन्यांवर वीस-पंचवीस वर्षांचं काम होऊन गेलेलं असतं.

दुसरं कारण आपल्या भागाचं आहे. इंटरहार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक मध्यमान ५३ व्या वर्षी आला होता, इतर देशांत ५९ च्या सुमारास. आयसीएमआरच्या इंडियाब या मधुमेह पाहणीचे लिपिडचे, म्हणजे रक्तातल्या चरबीचे, आकडे २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात महाराष्ट्रही होता. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले सुमारे १४ टक्केच निघाले, पण एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, कमी असलेले ७२ टक्के आणि ट्रायग्लिसराइड जास्त असलेले जवळपास ३० टक्के. म्हणजे नुसतं 'टोटल' बघून निर्धास्त होणं आपल्याकडे विशेष फसवं आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिली तपासणी १८ व्या वर्षीच करा असं म्हटलंय ते यामुळेच.

तपासणीच्या विरोधात बोलणाऱ्यांकडेही दमदार पुरावा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. डेन्मार्कमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या इंटर-९९ या प्रयोगात ३० ते ६० वयाच्या हजारो लोकांना बोलावून त्यांची हृदयविकाराची जोखीम मोजली, आहार-व्यायामाचा सल्ला दिला. दहा वर्षांनी न बोलावलेल्यांशी तुलना केली तर हृदयविकारात फरक दिसला नाही. माझ्या मते यातून 'तपासू नका' असं निघत नाही. तपासून नुसता सल्ला हातात ठेवला तर काही हलत नाही, एवढं मात्र नक्की निघतं. औषधाचा परिणाम वेगळ्या प्रयोगांतून पक्का झालेला आहे: स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरलं की हार्ट अटॅक-पक्षाघातासारख्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात. पण एक पंचमांश कशाचा, हे बघा. दहा वर्षांतली जोखीम २० टक्के असेल तर ती १६ वर येते. २ टक्के असेल तर १.६ वर. म्हणून तेच १४० एलडीएल एकाला गोळी लावतं आणि दुसऱ्याला लावत नाही. बीपी न मोजता, कमरेचा घेर आणि शुगर न बघता नुसत्या लिपिडवर निर्णय देणारा सल्ला घेऊ नका.

रिपोर्ट कसा वाचायचा ते एका उदाहरणाने. टोटल २१२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १८५. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, वजाबाकीने काढतात: ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉल) ३७, मग २१२ वजा ३८ वजा ३७, एलडीएल १३७. आता दुसरा माणूस: टोटल तेच २१२, एचडीएल ७०, ट्रायग्लिसराइड ८०. त्याचं एलडीएल १२६. दोघांच्याही रिपोर्टवर टोटलपुढे तोच ठळक 'हाय'. पण टोटलमधून एचडीएल वजा करा: पहिल्याचं १७४, दुसऱ्याचं १४२. याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि रिपोर्टवरचा एकच आकडा बघायचा असेल तर मी हा बघेन. धमनीत साचू शकणारे सगळे कण त्यात येतात. एरवी निरोगी माणसात तो १३० च्या आत आणि एलडीएल १०० च्या आत असावं, असं भारतीय सूचना सांगतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की वरची वजाबाकी चुकते. तेव्हा एलडीएल थेट मोजणारी तपासणी मागा. खालचे तीन-चार 'रेशो' त्याच आकड्यांचे भागाकार असतात, त्यांनी नवीन माहिती मिळत नाही. इंग्लंडमधल्या नातेवाइकाचा रिपोर्ट ५.२ असा दिसला तर दचकू नका, तिथलं एकक वेगळं आहे. कोलेस्टेरॉलच्या आकड्याला ३८.७ ने गुणा.

उपाशीपोटी जावं लागतं का? पहिल्या तपासणीला नाही. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड सरासरी पंचवीसेक मिलिग्रॅमने वर जातात, एलडीएल थोडं खाली येतं, नॉन-एचडीएल फारसं हलत नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आले तर १० ते १२ तास उपाशी राहून पुन्हा करायची. पाणी चालतं, नेहमीच्या गोळ्या चालू ठेवायच्या. जेवणापेक्षा इतर गोष्टी जास्त घोटाळा करतात. आदल्या रात्रीची दारू ट्रायग्लिसराइड चढवते. डेंग्यू-न्यूमोनियासारखं आजारपण किंवा ऑपरेशन झालं की एलडीएल खोटंच उतरतं, त्यामुळे बरं झाल्यावर सहा-आठ आठवडे थांबा. गरोदरपणात सगळंच वाढतं, तेव्हा त्या आकड्यांवरून काही ठरवू नये. जिना चढून आल्या आल्या हात पुढे करू नका, पाच-दहा मिनिटं बसा. शीर सापडेना म्हणून दंडाचा पट्टा दोन-तीन मिनिटं आवळलेला राहिला तर पाणी शिरेबाहेर झिरपतं आणि आकडे फुगतात.

एवढं सगळं सांभाळूनही तोच माणूस, तीच लॅब, महिन्याच्या अंतराने एलडीएल १२६ चं ११५ किंवा १३७ येऊ शकतं. हा शरीराचा नेहमीचा चढउतार आहे. ट्रायग्लिसराइड तर याहून कितीतरी जास्त हलतात. दिवाळीच्या फराळानंतरचे आणि श्रावणातले आकडे जुळायचे नाहीत. दरवर्षीच्या तपासणीला माझा आक्षेप इथेच आहे. निरोगी माणसाचं कोलेस्टेरॉल वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम सरकतं आणि तपासणीतला डळमळीतपणा त्याच्या पाच-दहा पट असतो. मग एका वर्षी 'सुधारलं' म्हणून पेढे आणि पुढच्या वर्षी 'वाढलं' म्हणून तूप बंद, दोन्ही निराधार.

आकडा जास्त आला तर तीन-चार आठवड्यांनी एकदा पुन्हा करून घ्या आणि त्याच वेळी टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन (मूत्रपिंडासाठी), शिवाय शुगर बघा. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल चढतं आणि थायरॉइडची गोळी सुरू झाली की बरंचसं आपोआप उतरतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, कधी काही न झालेल्या आजींची नव्याने तपासणी सुरू करण्यात मला फार हशील दिसत नाही. औषध नव्याने सुरू करून फायदा होतो का, याचा त्या वयातला पुरावा पातळ आहे.

आणि लायपोप्रोटीन (ए), म्हणजे एलडीएलसारख्याच एका कणाची, तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते. ती पातळी बहुतांशी जन्मतः ठरलेली असते, आहाराने हलत नाही, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येतही नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचे आकडे अधिक कडक ठेवायचे. लॅबमध्ये सांगताना नीट सांगा, कारण ॲपोलायपोप्रोटीन ए-१ ही निराळीच तपासणी आहे आणि काउंटरवर दोन्हींची सर्रास अदलाबदल होते.