मदुराईला कधी जावं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ह्यांच्या नोकरीपायी आम्ही नऊ वर्षं मदुराईत काढली. तेव्हापासून ओळखीतलं कुणी दक्षिणेकडे निघालं की मला फोन ठरलेला. डिसेंबरात हवा छान असते, हे कुणीही सांगेल. मी सांगते, एप्रिल-मेमध्ये जा. अंगाची लाही होते, लॉज मिळत नाही, तरी चित्तिरै तिरुविळा, म्हणजे तमिळ चित्तिरै महिन्यातला मोठा उत्सव, चुकवू नका.

देवळात 12 दिवस मीनाक्षीचा उत्सव. आठव्या दिवशी तिचा राज्याभिषेक, दहाव्या दिवशी सुंदरेश्वराशी, म्हणजे शिवाशी, लग्न. त्या मुहूर्तावर गावातल्या सवाष्णी आपापल्या तालीचा, म्हणजे तिकडच्या मंगळसूत्राचा, दोरा बदलतात. पहिल्याच वर्षी आमच्या घरमालकीणबाईंनी मला हाताला धरून पाटावर बसवलं. माझे काळे मणी आणि दोन वाट्या बघून त्या क्षणभर थबकल्या, मग पोत तशीच राहू देऊन शेजारी हळदीचा ओला दोरा बांधला. ब्लाउजच्या गळ्याला लागलेला तो पिवळा डाग नंतर कधी निघाला नाही.

पण माझा जीव अडकलाय तो अळगरमध्ये. अळगर म्हणजे विष्णू, मीनाक्षीचा भाऊ. 21 किलोमीटरवरच्या अळगर कोविलहून तो बहिणीच्या लग्नाला निघतो. वाटेत शेकडो मंडपांत लोक त्याला थांबवून घेतात, पाहुणचार करतात. वैगै नदीशी पोचतो तोवर लग्न उरकलेलं! कान पिळायचा मान हुकलेला भाऊ रुसणारच. तो गावात पाऊल न टाकता वंडियूरकडे वळतो.

गंमत म्हणजे, मीनाक्षीच्या देवळात हाच विष्णू कन्यादान करताना खांबावर कोरलाय. हे दोन उत्सव मुळात वेगळे. 17व्या शतकात मदुराईच्या तिरुमलै नायक राजाने मीनाक्षीचं लग्न मासी ह्या तमिळ महिन्यातून चित्तिरैत आणून ते जोडले, असं सांगतात. शिवाचं देऊळ आणि विष्णूची यात्रा, दोन्हींना सांधायला लोकांनी भावाचा रुसवा घातला. ह्याहून मायेचा सांधा मला माहीत नाही.

चित्रा पौर्णिमेला पहाटे तो सोन्याच्या घोड्यावरून नदीत उतरतो. गळ्यात श्रीविल्लिपुत्तूरहून आलेली, विष्णुभक्त संत कवयित्री आंडाळची माळ. अंगावरचं रेशमी वस्त्र पुजाऱ्याने न बघता पेटीतून काढलेलं असतं, आणि हिरवं निघालं की पीकपाणी चांगलं. घोडा दिसला तेव्हा शेजारची एक शेतकरीण माझा दंड घट्ट धरून 'पच्चै, पच्चै' म्हणत रडायला लागली. हिरवं होतं. तेवढ्यात अळगरचा वेष घेतलेल्या नवसकऱ्यांनी कातडी पिशव्यांतून पाण्याच्या चिळकांड्या सोडल्या आणि आम्ही दोघी नखशिखान्त भिजलो.

तारखेचा अंदाज हनुमान जयंतीवरून बांधू नका, कधी महिनाभर पुढे जाते. तमिळ कॅलेंडर बघा, आणि आदल्या रात्रीच नदीजवळच्या तल्लाकुळम भागात पोचा. पहाटे निघालात तर गर्दीत नदी दिसणारही नाही.