वेळासची सकाळ

काल संध्याकाळी वेळासच्या किनाऱ्यावर कासवाच्या घरट्यावरची टोपली उचलली तेव्हा खाली नुसती वाळू. माझी लेक रडवेली झाली. होमस्टेच्या काकू तिला म्हणाल्या, "अगो, ती त्यांच्या वेळेला येतात. उद्या बघू हो."

आज सकाळी सातला टोपलीखाली अकरा पिल्लं होती! ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची, तळहातावर मावतील एवढी, राखाडी-काळी. कार्यकर्त्याने ती दोरीच्या आत, पाण्यापासून थोडी दूर वाळूवर ठेवली. आम्ही दोरीबाहेर उभे. थेट पाण्यात का सोडत नाहीत, असं लेकीने विचारलं. तो म्हणाला, ते अंतर त्यांचं त्यांनीच कापायचं असतं. मादी मोठी झाल्यावर अंडी घालायला बहुधा जन्मलेल्या किनाऱ्याच्या भागातच परतते. नर मात्र सहसा परत जमिनीवर येतच नाही. म्हणजे आजची ही चाल काहींची वाळूवरची पहिली आणि शेवटचीच. हे ऐकून मला भरून आलं.

एकेकाळी इथली अंडी माणसं नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आता मंडणगड तालुक्यातल्या या एवढ्याशा गावात घराघरांत पाहुणे उतरतात, पानात उकडीचे मोदक पडतात. त्या मोदकांमागे ही कासवं आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

अकरावं पिल्लू दोनदा लाटेने मागे फेकलं. लेक माझा हात घट्ट धरून उभी होती. तिसऱ्या लाटेबरोबर ते गेलं.