पेजेच्या वेळची गोळी

मी इंग्लंडमध्ये नर्स. जुलैत रजा काढून घरी आले होते. मालवण तालुका, लावणीचे दिवस आणि धो धो पाऊस. पहिले दोन दिवस झोपण्यात गेले (जेटलॅग कमी, नाइट ड्युटीचा शीण जास्त). तिसऱ्या दिवशी काकीबरोबर निघाले. काकी आमच्या वाडीची आशा, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्यसेविका. हातात छत्री आणि पिशवीत डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, एक तापाचा आजार) आमच्याकडे पावसाळ्याचाच पाहुणा. चिखलातून, उंदरांच्या मुतातून तो पायाच्या जखमेत शिरतो. म्हणून शेतात उतरणाऱ्यांना आठवड्यातून एकदा गोळी.

मला वाटलं सकाळी सातला निघू. काकी निघाली साडेनऊला. कारण विचारलं तर म्हणाली, "उपाशीपोटी घेतल्यार मळमळता. मगे पुढच्या आठवड्याक कोण हात पुढे करूचो नाय." म्हणून ती बरोब्बर पेजेच्या वेळेला बांधावर पोचते. माणूस पेज पितो, काकी उभी. गोळी गिळतो, काकी उभीच. मग दोन गोष्टी बोलून पुढचा कुणगा (भाताचं खाचर). एका घरी नव्या सुनेला तिने गोळी दिलीच नाही. वाटेत म्हणाली, "पोटात आसा तिच्या. सासवेक अजून सांगूक नाय." गरोदरपणात ही गोळी देत नाहीत, हे मी नर्सिंगला शिकले, कोणाला दिवस गेलेत हे ओळखायचं काकी कुठे शिकली कोण जाणे.

छापील तक्त्यात रकाना एकच: वाटप. काकीची स्वतःची वही वेगळी, वाण्याकडून पदरच्या पैशाने आणलेली. त्यात गोळी दिली की टिंब, डोळ्यांदेखत गिळली की टिंबावर फुली. "वाटूक कितीसो वेळ लागता? गिळलेली बघूक लागता." वर जाणाऱ्या अहवालात टिंब आणि फुली सारखेच.

त्या वहीने मला माझा वॉर्ड आठवला. इंग्लंडमध्ये मी वृद्धांच्या वॉर्डात आहे. ड्युटी साडेबारा तासांची, त्यानंतर नोंदी लिहायला थांबते तो वेळ फुकटचा. फेब्रुवारीतल्या एका रात्री आम्ही दोघीच होतो, रुग्ण अठ्ठावीस. अंथरुणाला खिळलेल्या एका आजीबाईंची कूस दर दोन तासांनी बदलायची होती. एक फेरी चुकली. सकाळी टाच लाल, दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात. मी तक्त्यावर खरं तेच लिहिलं: वेळ मिळाला नाही. वरिष्ठ बाईंनी वाचलं आणि थकल्या आवाजात विचारलं, "हे असंच ठेवायचं आहे का?" मी ठेवलं. पण प्रामाणिकपणे सांगते, त्याआधी कित्येक रात्री मी जेवणाची सुट्टी सोडून, धावपळ करून सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या होत्या. त्या रात्रींच्या तक्त्यांवरून कोणालाही वाटेल, दोघी पुरतात. आमच्या पायांनी भरलेली ती रिकामी जागा कागदावर कधी दिसलीच नाही.

कौतुकाला मात्र दोन्हीकडे तोटा नाही. २०२० मध्ये इंग्लंडला गुरुवारी रात्री आठला दारात येऊन लोक टाळ्या वाजवायचे; आपल्याकडे थाळ्या वाजल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला इंग्लंडमधल्या नर्स पगारासाठी संपावर गेल्या. मला निदान पगार आहे, त्यावर भांडता येतं. आशा २००५ पासून कागदोपत्री स्वयंसेविकाच. मी एकदा चुकून "तुझा पगार" म्हटलं तर काकी हसली. "पगार नाय गो बाय, मोबदलो. पगार म्हटलो तर नोकरी झाली." तो मोबदलाही कधी वेळेवर येतो, कधी दोन महिने थकतो.

घरी सगळे म्हणतात, काकीचा सेवाभाव मोठा. तो आहेच. पण हा शब्द आला की पुढे छत्रीचे पैसे, रिक्षाभाडं, सुट्टी हे विषय निघत नाहीत, म्हणून मला त्याची धास्ती वाटायला लागली आहे. मी काकीला म्हटलं, फुल्यांची वही एकदा मीटिंगला ने, दाखव सगळ्यांना. "दाखवलंय. म्हणाले, छान हा, आता सगळ्यांनी अशी वही ठेवा." म्हणजे बाकीच्यांच्याही पदराला खार!

आता मी परत इंग्लंडमध्ये. काल मी रात्रपाळीला निघताना काकीने व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पाच टिंबं फुलीवाचून. खाली लिहिलं होतं, "ह्येंका उद्या पेजेक गाठतंय."