नवरा नाशिकला, रिटर्न न्यू जर्सीत

२०१७ च्या उत्पन्नाचं अमेरिकेतलं रिटर्न भरायचं होतं तेव्हा मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत होते आणि नवरा नाशिकला ज्युनिअर कॉलेजात शिकवत होता. ऑफिसातले सगळे सांगत, "जॉइंट भर, म्हणजे नवराबायकोचं एकत्र. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट, दुप्पट मिळेल." ६,३५० ऐवजी १२,७०० डॉलर, हे खरंच. पण नवरा अमेरिकेचा रहिवासी नव्हता. जॉइंट भरायचं तर त्यालाही रहिवासी धरावं असं दोघांच्या सहीचं निवेदन जोडावं लागतं. मग त्याचा नाशिकचा पगार, एफडीचं व्याज, सगळं इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं, आणि ते निवेदन पुढच्या वर्षांनाही लागू राहतं. आम्हाला ते नको होतं, म्हणून मी सेपरेट भरायचं ठरवलं.

आता प्रश्न नवऱ्याच्या एक्झेम्प्शनचा, म्हणजे त्याच्या नावे माझ्या करपात्र उत्पन्नातून वजा होऊ शकणाऱ्या ४,०५० डॉलरचा. रिटर्न भरून देणाऱ्याने झटकून टाकलं: "नवरा कमावतो ना? मग नाही मिळणार." मला ते पटेना. आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याची, ५०१ क्रमांकाची पुस्तिका काढून वाचली. सेपरेट भरताना जोडीदाराचं एक्झेम्प्शन घ्यायचं तर त्याला उत्पन्न नसावं, तो स्वतः रिटर्न भरत नसावा आणि दुसऱ्या कुणावर अवलंबून नसावा. पण जोडीदार अनिवासी असेल, तर बघायचं ते फक्त अमेरिकेच्या कराच्या दृष्टीने असलेलं उत्पन्न. नाशिकचा पगार त्यात येतच नाही! मी २५ टक्क्यांच्या टप्प्यात होते, म्हणजे हजार डॉलरच्या वर कर वाचत होता. एवढे पैसे कुणाच्या तोंडी उत्तरावर सोडून द्यायचे नाहीत, असं मला आजही ठामपणे वाटतं.

खरी दमछाक नंबरापायी झाली. एक्झेम्प्शनसाठी नवऱ्याचा आयटीआयएन, म्हणजे आयआरएस देतं तो करदात्याचा नंबर, हवा, त्यासाठी डब्ल्यू-७ फॉर्म, आणि त्यासोबत मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयानेच प्रमाणित केलेली प्रत. मूळ पासपोर्ट आयआरएसच्या टेक्सासमधल्या ऑफिसला पोस्टाने पाठवून आठवडेच्या आठवडे वाट बघायची माझी तयारी नव्हती. नवरा मे महिन्याच्या सुट्टीत इकडे येणारच होता. मग ४८६८ फॉर्म भरून रिटर्नची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवून घेतली. वाढते ती फक्त रिटर्न भरायची मुदत, कर भरायची नाही. माझा कर पगारातून आधीच कापला गेला होता, त्यामुळे ती काळजी नव्हती.

तो आल्यावर फोनवर वेळ ठरवून आम्ही आयआरएसच्या मदत केंद्रात गेलो. पासपोर्ट तपासायची सोय प्रत्येक केंद्रात नसते, ते आधीच विचारून घेतलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी पासपोर्ट पाहून लगेच परत दिला आणि डब्ल्यू-७ व त्यामागे जोडलेलं कागदी रिटर्न ठेवून घेतलं. ९ ने सुरू होणारा नंबर पुढे पत्राने आला, मग रिफंड.

हे एक्झेम्प्शन २०१८ पासून शून्य झालं आणि २०२५ च्या कायद्याने ते कायमचं गेलं. त्यामुळे आज कुणी माझ्यासारखं सेपरेट भरत असेल, तर निव्वळ त्यापायी अनिवासी जोडीदाराचा आयटीआयएन काढायची गरज नाही. त्याच्या नंबराऐवजी 'एनआरए' (नॉनरेसिडेंट एलियन, म्हणजे अनिवासी परदेशी) लिहितात. जॉइंट भरायचं तर मात्र नंबर लागतोच. सलग तीन वर्षं रिटर्नवर वापरला नाही तर तो बाद होतो. आमचा झाला. नवरा एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर, इकडे राहायला आला, तेव्हा पुन्हा डब्ल्यू-७ भरला, या वेळी नूतनीकरणाच्या चौकटीत खूण करून.