तुम्ही विचारलंत म्हणून : ओल्डहॅमच्या गिरण्या मुंबईनं बंद पाडल्या का?

लँकेशायर हा इंग्लंडच्या वायव्येकडचा परगणा आणि ओल्डहॅम हे त्यातलं गिरण्यांचं गाव. तिथल्या कापडधंद्याचा विषय निघाला की मराठी माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. गिरणगाव आपल्या ओळखीचं, त्यामुळे हिशेब सरळ वाटतो : मुंबईत गिरण्या वाढल्या, स्वदेशी आली, विलायती कापड पडून राहिलं. गिऱ्हाईक गेलं हे खरंच आहे. १९१३ मध्ये इंग्लंडनं सुमारे ७०० कोटी यार्ड सुती कापड बाहेर पाठवलं, त्यातलं ३०० कोटी एकट्या हिंदुस्थानात आलं. १९३८ पर्यंत एकूण निर्यातच १४० कोटी यार्डांवर आली. पण गिऱ्हाईक गेल्यावर गिरणीला यंत्रं बदलता येतात, माल बदलता येतो. ओल्डहॅमला ते जमलं नाही, कारण त्याआधीच ते कर्जात बुडालं होतं.

ओल्डहॅम मँचेस्टरच्या ईशान्येला दहा-अकरा किलोमीटरवर, पेनाइन डोंगरांच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर आहे. मोठी नदी जवळ नाही. पहिली सूतगिरणी १७७८ मध्ये आली, पण खरी वाढ झाली ती वाफेच्या इंजिनामुळे. कोळसा गावाखालीच होता. इंजिनातली वाफ थंड करायला पाणी लागे, म्हणून गिरणीशेजारी तळं बांधत. त्याला तिथे ‘लॉज’ म्हणतात. हवा दमट, आणि ती सुताला मानवते. कोरड्या हवेत तार तुटते. १९११ मध्ये या एका गावात १ कोटी ६४ लाख चात्या, म्हणजे सूत पिळून गुंडाळणाऱ्या फिरत्या सळया, होत्या. साऱ्या जगात तेव्हा १४ कोटी ३५ लाख होत्या, म्हणजे दर नवातली एक चाती ओल्डहॅमची. मात्र हे गाव कातणारं. विणकाम मुख्यतः उत्तरेला बर्नली, नेल्सन, ब्लॅकबर्नकडे. सूत तयार होऊन गाडीनं तिकडे जाई, ही गोष्ट पुढे लागेल.

कातायचं यंत्र म्हणजे म्यूल. चरख्यावर हात मागे नेत तार ओढतो, पीळ बसला की ती चातीवर गुंडाळतो. म्यूल हेच काम हजारभर चात्यांवर एकदम करतं. चात्या एका लांबलचक गाड्यावर बसवलेल्या. गाडा रुळांवरून सुमारे दीड मीटर पुढे येतो, तेवढ्यात तार ताणली जाते आणि पीळ बसतो. गाडा थांबतो, चात्या किंचित उलट्या फिरून टोकाचे वेढे सोडवतात, मग गाडा मागे जाताना सूत गुंडाळलं जातं. मिनिटाला तीन-चार वेळा हे चक्र. दोन म्यूल समोरासमोर, त्यांच्या मधल्या बोळात एक मुख्य कामगार आणि दोन हाताखालचे. गाडा चालू असतानाच तुटलेली तार जोडायची. जमिनीवर तेल सांडलेलं, त्यामुळे बहुतेक जण अनवाणी. चातीचं खनिज तेल वर्षानुवर्षं विजारीतून मांड्यांशी झिरपे आणि त्यातून अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होई. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९२२ मध्ये हा संबंध मांडला. त्या गिरण्यांच्या भव्य विटकामाचं कौतुक करताना हे सांगितलंच पाहिजे असं मला वाटतं.

म्यूलचा प्रतिस्पर्धी रिंग फ्रेम. त्यात ताणणं, पीळ आणि गुंडाळणं एकाच वेळी, न थांबता होतं. कामगार कमी कसबी असला तरी चालतो. नागपूरच्या एम्प्रेस मिलनं १८८० च्या दशकातच रिंग आणली आणि मुंबईनंही ती उचलली. मग ओल्डहॅम म्यूललाच का चिकटून राहिलं? हट्ट म्हणून नव्हे. रिंगवर तारेला जास्त ताण बसतो, म्हणून कापूस बरा लागतो. म्यूल हलक्या कापसावरही निभावतं आणि सूत मऊ देतं. शिवाय म्यूलवरची कांडी जवळपास नुसत्या सुताची, थेट धोट्यात (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात) बसणारी. रिंगचं सूत लाकडी बाबिणीवर. तीस-चाळीस किलोमीटरवरच्या मागवाल्याकडे लाकूड पाठवायचं आणि रिकाम्या बाबिणी परत आणायच्या, हा खर्च वाढतो. मुंबईत कातणं-विणणं अनेकदा एकाच आवारात, तिथे ही अडचण नव्हती. म्हणजे १९१४ पर्यंत म्यूल हा शहाणपणाचा निर्णय होता. मी तो चुकीचा मानत नाही.

मुंबईशी नातंही नुसतं वैराचं नव्हतं. ओल्डहॅमच्या वर्नेथ भागातली प्लॅट ब्रदर्स ही एकेकाळी जगातली सगळ्यात मोठी कापडयंत्रं बनवणारी कंपनी. मुंबईच्या गिरण्यांत तिची यंत्रं धडाडत होती. त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धानं १८६१ ते १८६५ मध्ये कापूस अडला, तेव्हा लँकेशायर आपल्याकडच्या आखूड धाग्याच्या कापसावर तगलं. तिथे त्या साऱ्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत, मग तो गुजरातचा असो की खानदेश-वऱ्हाडचा. त्यात कचरा फार आणि तार सारखी तुटे, म्हणून मजूर वैतागत. पण जाड-मध्यम सूत काढणाऱ्या ओल्डहॅमनं यंत्रं त्या कापसाला जुळवून घेतली आणि शेजारच्या गावांपेक्षा कमी होरपळलं.

आता कर्जाकडे येऊ. इथल्या गिरण्या बऱ्याच अंशी सार्वजनिक भागभांडवलाच्या. १८७० च्या दशकात ‘ओल्डहॅम लिमिटेड’ कंपन्यांची लाट आली. दुकानदार, कारकून, चांगला पगार मिळवणारे कामगारसुद्धा शेअर घेत, बचत गिरणीतच व्याजानं ठेवत. शेअरची पूर्ण रक्कम आधी भरावी लागत नसे. उरलेली कंपनी मागेल तेव्हा द्यायची. धंदा चालतो तोवर ही सोय छान. १९१९-२० मध्ये युद्धानंतरची तेजी आली, सुताचा भाव गगनाला भिडला. दलालांच्या टोळ्यांनी जुन्या गिरण्या फुगवलेल्या किमतीत विकत घेतल्या आणि बँकेच्या कर्जावर, ठेवींवर आणि अर्धवट भरलेल्या शेअरांवर नव्या कंपन्या काढल्या. यंत्रं तीच, इमारत तीच, फक्त कागदावरचा आकडा कित्येक पट. वर्षभरात भाव कोसळला. व्याज देण्यासाठी कंपन्यांनी भागधारकांकडे न भरलेले पैसे मागितले, आणि आयुष्यभराची पुंजी घालवून घरंच्या घरं बसली. जी गिरणी व्याजच कसंबसं देते, ती रिंग फ्रेम कुठून आणणार? बंद करावी तर बँकेचे पैसे बुडतात, म्हणून बँकांनी त्या अर्धमेल्या चालू ठेवल्या. १९२९ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या पुढाकारानं लँकेशायर कॉटन कॉर्पोरेशन निघालं, त्यानं अनेक गिरण्या घेतल्या आणि बऱ्याचशा मोडीत काढल्या. त्याच वर्षी प्लॅटनं जपानच्या टोयोदांकडून स्वयंचलित मागाचे हक्क विकत घेतले. यंत्र शिकवणारं गाव आता शिकणारं झालं होतं.

१९५९ च्या कायद्यानं जुन्या चात्या मोडायला सरकारी भरपाई मिळाली. उरलेल्या गिरण्यांत नवी महाग यंत्रं आली, त्यांचा खर्च वसूल व्हायला रात्रपाळी हवी. स्थानिक माणूस रात्री यायला राजी नव्हता. काश्मीरच्या पाकिस्तानकडच्या भागातलं मीरपूर आणि आताच्या बांगलादेशातलं सिल्हेट इथली माणसं आली ती या पाळीसाठी, आणि ओल्डहॅममधल्या ग्लॉडविक, वेस्टवूड, कोल्डहर्स्टच्या जुन्या चाळवजा घरांत राहिली. काम गेलं, वस्त्या राहिल्या. ओल्डहॅममधल्या मे २००१ च्या वांशिक दंगलीमागची तुटलेपणाची गोष्ट इथून सुरू होते. आज ओल्डहॅम बरोची (गाव आणि आसपासचा भाग मिळून) लोकसंख्या सुमारे २ लाख ४२ हजार आणि त्यातला जवळपास चौथा हिस्सा आशियाई वंशाचा. शेवटचं सूत १९९८ मध्ये एल्क मिलमध्ये निघालं. त्या जागी आता दुकानांचं आवार आहे.

उरलेल्या इमारतींचं करायचं काय, हा आजचा प्रश्न. मजला इतका रुंद की मधल्या भागात उजेड पोचत नाही, म्हणून घरं काढणं महाग. छत गळतं, मग विटांत पुरलेलं पोलाद गंजून फुगतं आणि भिंतीला तडे जातात. तेल मुरलेल्या लाकडी फळ्या पटकन पेटतात. शेजारच्या शॉ गावातल्या गिरण्यांत घरपोच विक्रीची गोदामं कित्येक दशकं चालली, पण चार-पाच मजले लिफ्टनं माल चढवण्यापेक्षा एकमजली उंच शेड स्वस्त पडते, म्हणून तीही इंग्लंडच्या मध्यभागातल्या मिडलंड्सकडे गेली. मे २०२२ मध्ये ओल्डहॅमच्या बिस्मार्क हाउस मिलला आग लागली. आत माणसं होती हे जुलैत, पाडकाम करताना कळलं; चार व्हिएतनामी पुरुषांचे अवशेष सापडले. रिकाम्या गिरणीत कोण राहतं याची तपासणी हे वारसाजतनाइतकंच तातडीचं काम आहे.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर मँचेस्टर व्हिक्टोरियाहून रॉचडेलची ट्राम धरा. २०१४ पासून ती ओल्डहॅमच्या भर रस्त्यातून जाते. पुढे न्यूहेला उतरलात की एलेनरोड गिरणीचं ३,००० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन जवळच आहे. गिरणी गेली, इंजिन ठेवलं आहे. ते ठरलेल्या दिवशीच वाफेवर चालवतात, तेव्हा तारीख बघून जा. म्यूलचा गाडा मागेपुढे होताना बघायचा असेल तर हेल्मशोरच्या वस्त्रसंग्रहालयात जा, आणि प्रात्यक्षिक कधी आहे ते आधी विचारून घ्या.