आवाज वाढला, पळण्याचं बघू

आजची दुपार कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली. गाडीचा एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारा पाइप आणि फिल्टर, बदलून घेतला. मिस्त्रीमामांनी बॉनेट उघडल्या उघडल्या विचारलं, "पळायला पायजे का नुसता आवाज पायजे?" मी म्हटलं, दोन्ही. मामा हसले फक्त.

टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल इंजिनात नुसत्या फिल्टरनं ताकद फारशी वाढत नाही. आवाज मात्र बदलतो. कंपनी इनटेकच्या पाइपला रेझोनेटर नावाचा पोकळ डबा जोडते, त्याचं कामच तो घुमणारा आवाज दाबायचं. तो काढला की घसा मोकळा! पोरं मग उघडा, शंकूच्या आकाराचा 'कोन' फिल्टर थेट इंजिनशेजारी बसवतात, आणि तिथंच सगळं गंडतंय. ३० अंशांची हवा ६० अंशांपर्यंत तापली की जवळपास ९ टक्के विरळ होते. म्हणजे पैसे घालून ऑक्सिजन कमी! मामांनी पत्र्याचा आडोसा कापून बसवला आणि पाइपचं तोंड हेडलाइटच्या मागं, गार हवेकडं नेलं. फार खाली नाही हं. पावसाळ्यात आपली पंचगंगा रस्त्यावर येते, आणि इंजिननं पाणी ओढलं की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा.

संध्याकाळी जोतिबाच्या घाटात गेलो. तिसऱ्या गिअरला दाबली की जी काय घुमतीय, नाद खुळा! पिकअप मला तरी होता तेवढाच वाटला. बायकोचं म्हणणं, "काच वर घ्या, बोललेलं ऐकू येईना."

काढलेला डबा जपून ठेवलाय. हा फिल्टर धुवून परत तेल लावायचा आहे, कुणी घरी करत असेल तर पद्धत सांगा.