डल्सिमरला गज लावला तो दिवस

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, त्यातही फक्त हातांचं काम करते, म्हणजे मनगट, बोटं, अंगठा, फ्रॅक्चरनंतर किंवा ऑपरेशननंतर किंवा संधिवातात हात परत कामाला लावायचा. मूळची मिरजेची, सध्या अमेरिकेत पूर्व केंटकीत असते, अपॅलेशियन डोंगरांत. कोळशाच्या खाणींचा हा भाग, खाणी बऱ्याचशा बंद पडल्यात पण खाणीत झिजलेले हात अजून आहेत आणि ते माझ्याकडे येतात. त्यातल्याच एका आजोबांची ही गोष्ट. नाव-गाव सांगणार नाही, ओळख पटेल असं जे काही होतं ते बदललंय.

आजोबा सत्तरीच्या पुढचे, आयुष्य खाणीत गेलेलं, उजव्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात. अंगठा मनगटापाशी जिथे जोडलेला असतो तो सांधा खोगिराच्या आकाराचा असतो, म्हणून तर अंगठा असा चौफेर फिरतो, पण त्याची वसुली पण तिथेच होते, कारण चिमटीत तुम्ही एक किलो जोर लावला की बुडाच्या त्या सांध्यावर साधारण बारा किलो दाब येतो. सांध्यातली कूर्चा झिजली की मग किल्ली फिरवणं, बटण लावणं, बरणीचं झाकण उघडणं, सगळ्यात कळ. आजोबांचं हेच झालं होतं.

मी प्रत्येक पेशंटला पहिल्या भेटीत विचारते की हात बरा झाला तर काय करायचंय. बहुतेक लोक स्वयंपाक, गाडी, बागकाम असं काही सांगतात. आजोबा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "डल्सिमर." मग लगेच, "पण ते आता बंद करायला सांगितलंय." कुणीतरी तपासताना सांगून टाकलं होतं की वय झालं, वाजवणं सोडा, अंगठ्याला आराम पडेल. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. अंगठ्याला आराम पडेल हो, पण माणसाचं काय? खाणीतून घरी आल्यावर आयुष्यभर जे केलं ते एका वाक्यात सोडा म्हणायचं?

आता डल्सिमर म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे डल्सिमर म्हटलं की संतूरच्या जातीचं, काड्यांनी वाजवायचं वाद्य डोळ्यासमोर येतं. ते वेगळं. हे माउंटन डल्सिमर, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं, लांबट, बारीक कमरेचं, तीन-चार तारांचं. जर्मन लोक पेनसिल्व्हेनियात आले तेव्हा त्यांच्याबरोबर शाइटहोल्ट नावाचं एक चौकोनी पेटीसारखं वाद्य आलं, त्यातून एकोणिसाव्या शतकात या डोंगरांत हे घडलं असं मानतात. इथल्या नॉट काउंटीत अंकल एड थॉमस म्हणून एक कारागीर होते, 1871 पासून डल्सिमर बनवायचे, या भागातला बारीक कमरेचा आकार त्यांच्या हातचा म्हणून ओळखला जातो. मग शेजारच्या पेरी काउंटीतल्या व्हायपर गावच्या गायिका जीन रिची, जन्म 1922, चौदा भावंडांत धाकट्या, त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि त्यांच्यामुळे हे वाद्य अमेरिकाभर पोचलं. 2001 मध्ये केंटकीने त्याला राज्याचं वाद्य केलं. पण आजोबांच्या घरात यातलं काही कौतुकाचं नव्हतं, भिंतीवर खिळ्याला टांगलेलं असायचं आणि संध्याकाळी खाली यायचं, बस. भिंतीवर होतं म्हणूनच वाचलंही, कारण जुलै 2022 च्या पुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. त्याच पुरात ट्रबलसम क्रीक नावाची ओढ्यासारखी नदी हिंडमन गावात घुसली, तिथे वाद्यं बनवणाऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये आणि हिंडमन सेटलमेंट स्कूलच्या जुन्या कागदपत्रांत चिखल झाला. इथे अजून कुणी त्या रात्रीबद्दल बोलायला लागलं की बाकीचे आपोआप गप्प होतात.

मी त्यांना म्हटलं वाद्य घेऊन या, तुम्ही कसं वाजवता ते मला बघायचंय. आणलं. गोधडीत गुंडाळलेलं, अक्रोडाच्या लाकडाचं, वर बदामाच्या आकाराची भोकं. आणि त्याचे पडदे बघून मी चाटच पडले. आपल्या सतारीचे पडदे वरच्या तारांखालून आडवे जातात, याचे पडदे म्हणजे तारेचे छोटे तुकडे स्टेपलच्या पिनेसारखे वाकवून फक्त पहिल्या तारेखाली ठोकलेले. बाकीच्या तारांखाली पडदाच नाही! म्हणजे चाल एकाच तारेवर, बाकीच्या नुसत्या गुंजत राहणार. जुन्या डल्सिमरचे असेच असायचे. सूर लावलेले सा, प, प, म्हणजे बाजाची, चाल वाजवायची तार मोकळी वाजवली की प आणि तिसऱ्या पडद्यावर सा. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरे जुळवताना ऐकत मोठी झालेली मी, मला ते सा-प कानावर पडल्यावर आजोबांची फाईल उघडायची पण आठवण राहिली नाही दोन मिनिटं.

डाव्या हातात नोटर, म्हणजे बोटभर लांबीची वेताची कांडी, ती बाजाच्या तारेवर दाबून सरकवायची. उजव्या हातात टर्कीच्या पिसाचा तासलेला दांडा, तो सगळ्या तारांवरून झपझप मागेपुढे मारायचा. आणि घोळ तिथेच होता, तो पिसाचा दांडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घट्ट धरावा लागतो, सुटला तर संपलं, आणि हात सतत हलतोय, म्हणजे बुडाच्या सांध्यावर दाब एक क्षण पण कमी होत नाही. दोन मिनिटांत दहापैकी सात दुखायला लागलं. मी अंगठ्याचा स्प्लिंट, म्हणजे सांधा स्थिर धरणारा आधार, करून दिला, थर्मोप्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून हातावरच बसवायची असते, पिसाच्या दांड्याला फोमची नळी घालून जाड केला, थोडा फरक पडला, पण जाड दांड्याने ती झपझप येईना. आजोबांनी नोटर खाली ठेवला. "राहू दे पोरी," म्हणाले.

निघता निघता दारात उभे राहून सहज म्हणाले की त्यांच्या आजीचा भाऊ यावर फिडलचा, म्हणजे व्हायोलिनचा, गज लावायचा, लोकांसमोर नाही, एकटा असला की. आजोबांना वाटायचं हा विचित्रपणा करतो.

मला त्या रात्री दुसरं काही सुचेना. कारण हे विचित्र अजिबात नाहीये, डल्सिमरच्या युरोपातल्या नात्यातली काही वाद्यं गजाने वाजतात, आइसलँडचं लांगस्पिल तर गजाने वाजवायची परंपराच आहे. इकडे डोंगरांत पण आता काही कारागीर मुद्दाम गजाने वाजवायची डल्सिमर बनवतात. आणि माझ्या डोक्यात सरळ हिशोब होता, पिसाला चिमटी लागते, गजाला खांदा आणि कोपर लागतो. आजोबांचा खांदा आणि कोपर दोन्ही ठणठणीत होते.

तर तो दिवस. माझ्या क्लिनिकमधल्या एकीची मुलगी व्हायोलिन शिकते, तिचा जुना गज आणि राळेची वडी मागून आणली. आजोबांना सांगितलं की मांडीवर नको, टेबलावर ठेवूया, टेबलावर ठेवलं की टेबलाची फळी पण घुमते आणि आवाज मोठा येतो, हे त्यांना माहीतच होतं. वाद्य टेबलाच्या अगदी कडेला सरकवलं, म्हणजे गज धरलेला हात टेबलाच्या बाहेर मोकळा राहील आणि कुठे आपटणार नाही, खुर्ची उंच केली, आणि वाद्याचं उजवं टोक जरासं पुढे तिरकं केलं म्हणजे गज मागे ओढताना बरगड्यांना लागणार नाही.

पहिल्यांदा व्हायोलिनवाले धरतात तसा गज धरून बघितला. अंगठा वाकला, चिमटी आली, कळ आली. मग मला सारंगीवाले आठवले. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीच्या मैफली होतात, तिथे मी लहानपणापासून पहिल्या रांगेत बसून गज धरलेले हात बघितलेत, तळवा वर, गज बोटांवर आडवा टेकलेला, अंगठा नुसता बाजूला. मी आजोबांचा तळवा उलटा केला, गजाच्या बुडाला फोमची नळी घातली आणि तो चार बोटांवर ठेवला, अंगठा स्प्लिंटमध्ये शांत. व्हायोलिनचा गज साठेक ग्रॅमचा असतो, तारांवर टेकला की स्वतःच्या वजनाने बसतो, हाताने फक्त पुढे-मागे न्यायचा. म्हटलं, "दाबू नका, नुसता चालवा."

पहिला आवाज भयंकर होता, खरंच, पोलादी बारीक तार, घोडीच्या, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, अगदी जवळ गज, किंचाळलीच ती. शेजारच्या टेबलावर एक आजी मनगटाच्या फ्रॅक्चरनंतरचे व्यायाम करत होत्या, त्यांनी चेंडू खाली ठेवला. मी गज घोडीपासून थोडा दूर घेतला, पट्टीत जिथे पिसाने मारायला खोलगट जागा कोरलेली असते तिथे, थोडी राळ अजून चोळली. डल्सिमरची घोडी सपाट असते, व्हायोलिनसारखी गोलाई नाही, त्यामुळे गज ठेवला की सगळ्या तारा एकदमच वाजणार, एकटी तार वाजवायची सोयच नाही. दुसऱ्यांदा गज गेला आणि सा-प-प एकत्र उठलं. टेबल हाताखाली थरथरताना मला कळत होतं.

आजोबांनी डोळे मिटले नाहीत की काही नाही, उलट ते एकदम कामाला लागलेल्या माणसासारखे झाले, नोटर उचलला आणि एक चाल काढायला लागले. संथ. इतकी संथ की पिसाने ती वाजूच शकली नसती, कारण छेडलेली तार लगेच विझते. गजाने सूर पाहिजे तितका लांबत होता, नोटर एका पडद्यावरून दुसऱ्यावर घासत जात होता आणि मधली जागा पण ऐकू येत होती.

मग त्यांनी गज थांबवला आणि एक ओळ भरभर म्हटली, अर्धी बोलल्यासारखी अर्धी गायल्यासारखी, आणि पुन्हा तीच ओळ गजाने लांबवत वाजवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं हे काय चाललंय. इथे ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट नावाचा पंथ आहे, त्यांच्या चर्चमध्ये एकही वाद्य चालत नाही, पूर्वापार. पुढचा माणूस ओळ सांगतो आणि सगळी मंडळी ती ओळ एकाच सुरात संथपणे ओढतात, प्रत्येक जण आपापली हरकत घेतो, दुसरा आवाज वगैरे काही लावत नाहीत. मी एकदा एका अंत्यसंस्काराला गेले होते तेव्हा ऐकलं होतं, अंगावर काटा येतो. आजोबा लहानपणापासून ते गात आलेले आणि घरी डल्सिमर वाजवत आलेले, पण दोन्ही कधी एकत्र आलं नव्हतं, एक तर चर्चमध्ये वाद्य नाही आणि घरी पिसाने ती चाल पकडता येत नाही.

मला वाटलं शेजारच्या आजींना हे आवडणार नाही, कारण त्या त्याच पंथाच्या. त्या उठून आल्या, उभ्या राहिल्या, ऐकलं. म्हणाल्या, "ती ओळ वर जाते तिथे. तू खाली नेतोयस." आजोबा म्हणाले वर पडदा नाहीये तिथे. आणि खरंच नव्हता, त्या गाण्यातला तो सूर दोन पडद्यांच्या मध्ये कुठेतरी आहे, गळ्याला तो सापडतो, स्टेपलच्या पडद्यांवर नाही. आजींनी तो सूर गाऊन दाखवला, हळू आवाजात, आजोबांनी नोटर पडद्याच्या अलीकडे-पलीकडे करून बघितला, जमेना. शेवटी आजी म्हणाल्या की तेवढं मी गाते, तू बाकीचं वाजव. आणि गायल्या! म्हणाल्या हे काय चर्च नाहीये, हे हॉस्पिटल आहे. क्लिनिकमध्ये माझ्या पुढच्या पेशंटची वेळ उलटून गेली होती, तो माणूस दारात उभा राहून टोपी हातात घेऊन ऐकत होता, एका शब्दाने बोलला नाही.

वाजवून झाल्यावर मी दुखण्याचा आकडा विचारला, विचारायलाच लागतो. दोन, म्हणाले. आणि मग, "मी विसरलोच होतो विचारायचं त्याला," म्हणजे अंगठ्याला.

संध्याकाळी नोट लिहायला बसले. इन्शुरन्सला प्रत्येक भेटीचं ध्येय रोजच्या कामाच्या भाषेत लागतं, आणि संगीत म्हटलं की तिकडून प्रश्न येतात की हे मेडिकली गरजेचं कसं. पण आमच्या शास्त्रात फावल्या वेळातली आवडीची कामं पण कामंच धरतात, जेवण-आंघोळीइतकीच, शिकताना हेच पहिल्यांदा शिकवतात. मी सरळ लिहिलं: पेशंट स्प्लिंट घालून, चिमटी न वापरता, गजाने डल्सिमर वीस मिनिटं वाजवेल, दुखणं तीनच्या वर न जाता. मंजूर झालं. मला त्याचा फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पुढे एका कारागिराने आजोबांना सुचवलं की घोडी बदलून गोलाईची बसवून देतो, मग व्हायोलिनसारखी एकेक तार वेगळी वाजवता येईल. आजोबा नको म्हणाले. त्यांचं म्हणणं एकटी तार वाजली तर ते एका माणसाचं गाणं झालं, त्यांना सगळ्या तारा एकदम हव्यात. आता अडचण फक्त मनगटाची आहे, दहा मिनिटांनंतर ते मागे वाकायला लागतं, म्हणून पुढच्या भेटीला मी टेबल दोन इंच खाली घेऊन बघणार आहे, आणि आजींनी विचारलंय की त्यांची वेळ पण तीच ठेवता येईल का.